भाकरीचा बोल माझा

३१ मार्च १९२८

आज मला न विचारता एका कामाला लावलं गेलं. मी संतापले, आणि हो म्हणाले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून तिन्ही लिहिते.

कापसाची शेवटची गाडी घेऊन हिलाल नंदुरबारला पन्नालाल शेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेला होता. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. तोंडाने घेत नाही. वही माझी आहे, वहीत घेणार.) हंगाम संपला, जिनाची मोठी शेड रिकामी पडली, म्हणून शेठनी ती सुरतेच्या छगनलाल नावाच्या चित्रवाल्याला दिली आहे. संध्याकाळी पुरुषांचा खेळ असतो. शेठजींच्या पत्नी सज्जनबाई घुंगटाशिवाय ओसरीवरसुद्धा येत नाहीत, पण त्यांनीच हट्ट धरला की बायकांचाही खेळ हवा, आणि तो दुपारी हवा, म्हणजे दिवेलागणीच्या आत घरी पोचता येईल. पण चित्र मुकं. माणसं ओठ हलवतात आणि मग पडद्यावर अक्षरांची पाटी येते. पुरुषांना छगनलाल स्वतः पाट्या वाचून दाखवतो. बायकांत पुरुष कसा उभा राहणार? वाचणारी बाई शोधत होते. हिलाल कापूस उतरवत होता, तो म्हणाला, “मन्ही बायको वाचस.”

लग्नानंतरच्या दीड वर्षात त्याने चारचौघांत माझ्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य असावं.

सासऱ्यांना ते रुचलं नाही. हिंमतराव पाटलांची सून जिनात उभी राहून वाचणार! पण बोलावणं शेठजींच्या घरचं, मोडवेना. मी पैसे घेणार नाही असं कळवलं आहे. पैसे घेतले की हुकूम आले.

माझ्याबद्दल एवढं लिहून ठेवते. मी धुळ्याच्या मास्तरांची मुलगी, सातवी पास. हिलालने दुसरीत शाळा सोडली. लग्नानंतर मी त्याला कोटाची बटणं नीट लावायला शिकवलं, बशीतला चहा आवाज न करता प्यायला शिकवलं, आणि ‘शे’ नव्हे ‘आहे’ म्हणा, असं रोज सांगितलं. बटणं आणि चहा जमला. ‘आहे’ काही जमलं नाही. उलट हल्ली तो घरात फारसा बोलतच नाही. स्वभावच अबोल, दुसरं काय.

३ एप्रिल

पहिला खेळ झाला. फजिती झाली.

शेडच्या उंच खिडक्यांवर गोणपाट ठोकून अंधार केला होता. सरकीचा वास, हवेत कापसाचे तंतू, आणि उकाडा असा की भिंतीला हात लावला तर चटका. साठ-सत्तर बायका खाली बसल्या होत्या. पुढे शहरातल्या, मागे खेड्यातल्या, आणि दाराशी जिनात काम करणाऱ्या. सज्जनबाईंना खुर्ची होती, पण त्या खाली बसल्या.

चित्राच्या नावाची पाटी फाटून गेली आहे. छगनलाल त्याला ‘साहेबाची बायको’ म्हणतो. गोष्ट विनोदी आहे. एक तरुण विलायतेहून बॅरिस्टर होऊन येतो. घरी त्याची लहानपणीच लग्न लावलेली खेडवळ बायको वाट पाहत असते. तो तिला बूट घालायला लावतो, ती पडते. साहेब लोकांच्या पंगतीत ती काटा-चमचा सोडून हाताने जेवते, सगळे हसतात. शेवटी एक मडम तिला शिकवते, ती उंच टाचांचे बूट घालून परत येते, नवरा तिला ओळखत नाही, तिच्यावरच भाळतो, आणि जोडा जमतो.

मी प्रत्येक पाटी शुद्ध, स्पष्ट वाचली. बाबांना ऐकवावी अशी. बायका गप्प. कुणी हसेना. अर्ध्यात दाराकडून दिवलीबाई नावाची मोलगीकडची एक मजूर बाई उठली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “बाई, हाई कोन्ही भाषा शे?”

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या.

परत येताना हिलाल गाडी हाकत होता. शेडच्या बाहेर सावलीत बैल सोडून तो तिथेच बसला होता, म्हणजे त्याने सगळं ऐकलं.

४ एप्रिल

पुन्हा जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी वाटलं, हरून घरी बसायचं तर मग सातवी पास तरी कशाला झाले?

गाडीत हिलालला विचारलं, ‘हे देवा, माझ्या नशिबी ही काय अडाणी स्त्री आली’ हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात. त्याने मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, “‘शे’ म्हनेल चाली का?”

या टोमण्याला उत्तर देण्याची मला गरज वाटली नाही. चालेल म्हटलं. तो सांगत गेला, मी पेन्सिलीने लिहीत गेले. नंदुरबारचं रेल्वे फाटक येईपर्यंत अर्धी गोष्ट झाली होती.

आज बायका हसल्या.

७ एप्रिल

आज पंगतीच्या प्रसंगाला रीळ अडकलं आणि जळालं. छगनलालने जळकं कापून टोकं जोडली. त्यात बायकोच्या उत्तराची पाटी गेली. म्हणजे आता नवरा बोट दाखवून रागावतो, सगळे साहेब हसतात, ती तोंड उघडते, आणि पुढे काहीच नाही. छगनलाल म्हणाला, ती रडली असं सांगून टाका.

ती रडत नाही. मी चित्र चार वेळा पाहिलं आहे. तिची हनुवटी वर असते.

खेळ पुन्हा सुरू व्हायला वेळ होता. मी बाहेर गाडीपाशी गेले आणि हिलालला विचारलं, हाताने जेवली म्हणून हसले, तर तिने काय म्हणावं? बैलाच्या मानेवरची गोचीड काढता काढता तो म्हणाला, “हात मन्हा शेतस, धोयेल शेतस. तुन्हा काटा कितला लोकसना तोंडमा जाई उना, त्याले इचार.”

मी आत जाऊन तेच शब्द म्हटले. साठ बायका एकदम हसल्या तर पत्र्याच्या शेडमध्ये कसा आवाज होतो, ते लिहिता येत नाही. सज्जनबाई घुंगटात हलत होत्या. दिवलीबाईने शेजारणीच्या पाठीवर थाप मारली.

मीही हसले. आत हसले ते वेगळं. ऐकलं तेव्हा बाहेर गाडीपाशीसुद्धा हसले होते, आणि हिलाल गोचीड हातात धरून माझ्याकडे बघत राहिला होता. त्याच्या उजव्या गालाला हसताना खळी पडते. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

८ एप्रिल

असे बोल त्याच्यापाशी ढिगाने आहेत. दीड वर्ष कुठे ठेवले होते कोण जाणे.

१२ एप्रिल

आता बायका खेड्यांतून गाड्या जुंपून येतात. एकेक बाई तीन-तीनदा येते. मी जळलेली पाटीच तेवढी भरून काढत होते, ती सवय वाढली. जिथे नवऱ्याची पाटी फार चढेल लागते तिथे बायकोलाही एक बोल देते. पडद्यावर तिचे ओठ हलतच असतात. पाट्या लिहिणाऱ्याने तिचं ऐकलं नाही, त्याला मी काय करू?

पण आज झालं ते मी ठरवून केलं नाही. शेवटी नवरा तिच्यासमोर वाकून तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधतो आणि पाटी येते, ‘आता तू मला शोभतेस.’ नऊ दिवस मी ही पाटी वाचत होते. आज ती म्हणवेना. का ते माहीत नाही. उकाडा होता, रात्री झोप नव्हती. मला उगाच हिलालच्या कोटाची बटणं आठवली. बायका वाट बघत होत्या, तो माणूस पडद्यावर वाकलेला होता, आणि माझ्या तोंडून आलं, “तो इचारस, आते मी तुले शोभस का?”

मग तिच्या वतीने मीच म्हणाले, “अजून नही. भाकर थापाले शिक, मंग देखसू.”

खेळ संपला तरी बायका उठेनात. बाहेर आले तर हिलालने गाडी जुंपून ठेवली होती. वाटेत त्याने विचारलं, शेवटचा बोल कुणाचा. मी म्हटलं, माझा. तो म्हणाला, “बेस शे.”

त्याला ‘छान आहे’ म्हणा असं सांगायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

१५ एप्रिल

बोल गावभर झाला आहे. मंगळबाजारात एका कुंभारणीने गिऱ्हाइकाला म्हटलं, पाणवठ्यावर एकाच्या सुनेने सासऱ्याला ऐकवलं, अशा बातम्या येतात. आज सासूबाईंनी चुलीपुढे मला विचारलं, नेमकं काय म्हणतेस गं तू तिथे. सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की तव्यावरची भाकर करपली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

ते गेलंच होतं. दुपारी नंदुरबारचे एक वकील घोड्यावरून आले. त्यांच्या घरात कडक भाकरीवरून काही बोलणं झालं आणि त्यांच्या पत्नीने माझा बोल त्यांना ऐकवला. वकिलांनी पुरुषांच्या खेळाला जाऊन पाट्या स्वतः वाचल्या. त्यांचं म्हणणं, तुमची सून जे सांगते ते चित्रात लिहिलेलंच नाही. ती शेकडो बायकांशी खोटं बोलते आणि त्यांना बिघडवते.

सासऱ्यांनी त्यांना चहा दिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ एप्रिल

सासऱ्यांचा निर्णय असा. मी उद्यापासून जायचं नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की वकिलांच्या घरी जाऊन माफी मागायची. खेळाला गेले, तर परस्पर धुळ्याला बापाकडे जायचं, आणि मुलाला दुसरी बायको करतील, सातवी न झालेली.

मी दाराआडून सांगितलं की मी खेळाला जाईन.

हिलाल तिथे होता. खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. एक शब्द नाही! माझ्या बाजूने नाही, बापाच्या बाजूने नाही. काट्याचे बोल सांगायला जीभ आहे, इथे नाही. मातीचं ढेकूळ. उद्या खेळ नाही, परवा आहे. परवा पायी जाईन. दोन कोस काही फार नाहीत.

१८ एप्रिल

सकाळची भाकरी उरकून निघाले. पिशवीत वही, पेन्सिल आणि एक लुगडं घेतलं. परत येऊ देणार नसतील तर धुळ्याची गाडी पकडायची. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही.

ऊन चढलं होतं. ओढा ओलांडला तोवर मागून गाडीची खडखड ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही. गाडी शेजारी आली, थांबली.

“बठ.”

मी चालत राहिले. गाडी पावलापावलाने शेजारून येत राहिली. शेवटी मी विचारलं, घरात तोंड शिवलं होतं, आता कशाला आलात? तो म्हणाला, “बैल जुपाले येळ लागना.”

दोन दिवस? मी विचारलं नाही. बसले.

पुढे गेल्यावर त्याने स्वतःहूनच सांगितलं. जन्मात आजवर त्याने बापापुढे नाही म्हटलेलं नाही. शाळा सोडायला लावली तेव्हाही नाही. पहिलीचा वर्ग खूप आवडायचा, पाटीवर चित्रं काढायचा, पण औताला माणूस कमी होता. हे तो बैलांच्या शिंगांकडे बघत बोलला. मी दीड वर्ष समजत होते की त्याला शिकायचंच नव्हतं.

आज खेळात काही चुका झाल्या माझ्या. लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. सासऱ्यांनी दार बंद केलं नाही.

२० एप्रिल

वकिलांनी पन्नालाल शेठना गाठलं. शेड बंद करा म्हणाले. शेठ घाबरले. पण सज्जनबाईंनी घरात जेवण सोडलं, असं त्यांच्या दासीने येऊन सांगितलं. मग मधला मार्ग निघाला. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी छगनलालचा शेवटचा खेळ आहे. तो दुपारी सगळ्यांसाठी करायचा, मधे कापडाची कनात, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. प्रत्येक पाटी आधी वकील वाचतील, मग मी सांगायचं. खोटं निघालं तर मी तिथेच सर्वांसमोर माफी मागायची.

छगनलालने मला बाजूला घेऊन समजावलं की बेन, एक दिवस लिहिलंय तसं वाचा, काय बिघडतं? त्याचा निम्मा जीव भीतीत आणि निम्मा भरणाऱ्या शेडमध्ये आहे.

माफीचा विचार केला. अगदी खरं लिहायचं तर रात्रभर केला. बाबांना कळलं तर ते म्हणतील, लिहिलेलं बदलणं हा अप्रामाणिकपणा. त्यांनी मला असंच शिकवलं आहे. पण हनुवटी वर असलेल्या बाईला रडवणं हाही अप्रामाणिकपणाच ना? मागणार नाही.

२३ एप्रिल

आखाजी. निंबाला झोके बांधले आहेत. माहेरपणाला आलेल्या पोरींनी झोक्यावर नवऱ्यांना नावं ठेवणारी गाणी म्हटली, त्यात ‘मंग देखसू’ कुणीतरी घुसवलं. मी झोक्यावर बसले नाही. हिलालने उद्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. माझी लढाई आहे.

२४ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कनातीच्या पलीकडे पुरुष, त्यांत पुढे वकील, शेठजी आणि आमचे सासरे. अलीकडे बायका. सासूबाईही आल्या होत्या, कुणाला सांगून ते माहीत नाही. मी पडद्याच्या कडेला, दोन्हीकडून दिसेन अशी उभी होते. हिलाल पुरुषांत मागे भिंतीशी होता.

वकील पाटी वाचत, मग मी सांगे. काट्याचा बोल आला तेव्हा वकील काही वाचू शकले नाहीत, पाटीच नव्हती. मी बोल म्हटला. बायका हसल्या, आणि कनातीपलीकडूनही हसू आलं. पुरुष पहिल्यांदाच ऐकत होते. मला धीर आला.

शेवटची पाटी आली. वकिलांनी सावकाश वाचलं, “आता तू मला शोभतेस.” माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं ते बारा तारखेचंच, शब्दन् शब्द.

वकील उठले. हात वर करून त्यांनी यंत्र थांबवायला लावलं. गोणपाट बाजूला झाले, ऊन आत आलं.

“हे कुठं लिहिलंय, ते दाखवा,” ते म्हणाले.

“लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. “लिहायला हवं होतं.”

“म्हणजे तुम्ही खोटं सांगितलं. माफी मागा.”

“मागणार नाही.”

गलका झाला. वकील म्हणाले, घरंदाज बाईला असले बोल सुचतच नाहीत. कुणी शिकवले ते सांगा. छगनलालने? बिचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, “त्या बोल मन्हा शेतस.”

हिलाल भिंतीपासून पुढे आला. सासरे मागे वळले. “तुन्हा?” एवढंच म्हणाले.

“हाव, आबा. सगळा मन्हा. ती फक्त वाचस. तिले काही बोलानं नही, जे सांगनं ते माले सांगा.”

बापापुढे तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता आणि मला वाचवत होता. मी गप्प बसायला हवं होतं. कुठल्याही बाईने गप्प बसावं असा तो क्षण होता.

पण ‘ती फक्त वाचस’!

“काटाना बोल तुम्हना,” मी कनातीवरून म्हणाले. “भाकरना बोल मन्हा शे. तो तुम्ही घेवाना नही.”

भर सभेत, सासऱ्यांसमोर, नवऱ्याशी मोठ्याने. आणि मास्तरांच्या मुलीच्या तोंडून ‘मन्हा शे’. ते नंतर लक्षात आलं.

हिलाल थबकला. मी त्याचा सगळा डाव मोडला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या गालाला खळी पडली. “बरं,” तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला, जणू पंचांपुढे शेताची हद्द सांगतोय. “भाकरना तिना. बाकीना मन्हा.”

आधी दिवलीबाई हसली. मग सासूबाई, मी त्यांचं हसू ओळखलं. मग दोन्हीकडचे सगळे. वकील काहीतरी बोलत होते, ते ऐकूच येईना. तेवढ्यात सज्जनबाई घुंगटातून म्हणाल्या, “खेल चालू करो.” त्यांचा आवाज पुरुषांनी आजवर ऐकला नव्हता. पन्नालाल शेठनी मुकाट्याने छगनलालला हात केला.

सासरे उठून गेले. ते हसले नव्हते.

२७ एप्रिल

आमची चूल वेगळी झाली. सासऱ्यांनी गोठ्याशेजारची खोली दिली, भांडी मोजून दिली. दुसऱ्या बायकोचं काही बोलले नाहीत. वकिलांनी आमच्या घरी पाऊल ठेवणार नाही असं जाहीर केलं आहे, त्याचं मला दुःख नाही. सासऱ्यांचं आहे. सकाळी ते समोरून गेले आणि हिलालने “आबा” म्हटलं, तर थांबले नाहीत. तो बराच वेळ तिथेच उभा होता. जिंकलं म्हणावं असं त्या वेळी काही वाटलं नाही. पण परत तो दिवस आला तर मी तेच बोलेन.

छगनलाल नवापूरला चालला आहे. तिथेही बायकांचा खेळ लावायचा म्हणतो, आठ दिवसांसाठी दोघेही या, एक बोलेल, एक सुचवेल. सासऱ्यांनी निरोप पाठवला की गेलात तर गेलात.

जायचं ठरवलं. दुपारी खोलीच्या उंबऱ्यावर बसून गाठोडं बांधत होतो. मला त्याच्याशी एक गोष्ट बोलायची होती. म्हटलं, घरात तुम्ही तुमच्याच भाषेत बोलत जा. मी उगाच दीड वर्ष... तो गाठीशी खटपट करत राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला,

“नवापूरनी भाषा आखो येगळी शे. तठे आपुन दोन्ही अडाणी.”